टोपीतून कान बाहेर: ड्रेस-अप ॲपमधले मुके बग कन्सोलमधून कसे पकडायचे

मांजराला टोपी घातली. टोपी दिसतेय, पण कान तिच्या आरपार वर आलेत. ब्राउझरचा कन्सोल, म्हणजे कोडच्या चुका दाखवणारी आणि आज्ञा घेणारी खिडकी, उघडला तर कोरा. एक लाल ओळ नाही, साधा पिवळा इशारासुद्धा नाही. ब्राउझरच्या लेखी सगळं ठीक आहे. त्याला दोन चित्रं दिली, त्याने दोन्ही दाखवली. कानांवर टोपी हवी की टोपीवर कान, हे त्याला कुठून कळणार?

आभासी पाळीव प्राण्याला कपडे घालायच्या ॲपमधले बहुतेक बग असे मुके असतात. कोड कोसळत नाही, प्राणी फक्त विचित्र दिसतो. त्यामुळे लाल ओळीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. कन्सोलला ‘थर’, ‘जागा’, ‘कपडा’ हे आपल्या ॲपचे शब्द शिकवायचे आणि मग त्याच शब्दांत प्रश्न विचारायचे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे. ब्राउझरच्या आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. मी बनवलेली साधनं मात्र खरोखरच देवनागरी नावांची आहेत. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी चळत समजून घ्या

प्राणी म्हणजे एक चित्र नव्हे, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पीएनजी चित्रांची चळत. तळाला पार्श्वभूमी, मग मागचे पंख, शेपूट, धड, चेहरा, डोळे, जाकीट, स्कार्फ, टोपी, आणि सगळ्यात पुढे पाऊस. प्रत्येक कपड्याच्या नोंदीत निदान चार गोष्टी लागतात: ओळख क्रमांक, शरीरावरची जागा, चळतीतला थर आणि चित्राचा पत्ता.

पहिली मेख इथेच आहे. स्कार्फ एका थरात मावत नाही. त्याचा एक भाग मानेच्या मागे जातो, दुसरा छातीवर येतो. कपडा एक, चित्रं दोन, थरही दोन. कोडमध्ये ‘कपडा’ आणि ‘थर’ एकच मानले असतील तर स्कार्फ काढल्यावर त्याचा मागचा भाग तसाच लोंबत राहतो. दुसरी मेख जागा आणि थर यांतल्या फरकाची. नवीन टोपी घातल्यावर जुनी उतरवायची की नाही हे जागा ठरवते. कोण कोणाच्या वर दिसणार हे थर ठरवतो. एकाच आकड्याकडून ही दोन्ही कामं करून घेणारं कोड मी स्वतः लिहिलं होतं, आणि चष्मा घातला की मिशा गायब व्हायच्या.

हे सगळं कन्सोलमधून बघता येतं ही तुलनेने नवी चैन आहे. निओपेट्स ही साइट १९९९ मध्ये सुरू झाली, प्राण्यांना कपडे घालायची सोय तिथे २००७ मध्ये आली. त्या काळात असली सजावट फ्लॅश या ब्राउझरला जोडायच्या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये असायची. तपासणीच्या साधनांना, अगदी २००६ मध्ये आलेल्या फायरबगलाही, पानावरचा फ्लॅश म्हणजे एक बंद चौकोन. आतला एकही थर हाताला लागत नसे. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ॲडोबीने त्यातला मजकूर चालणंच अडवलं. आता चळत एक तर पानावरच्या सुट्या इमेज घटकांची असते किंवा कॅनव्हासवर, म्हणजे कोडने चित्र काढायच्या एकाच चौकोनावर, रंगवलेली. दोन्हींचे बग वेगळे आहेत.

पायरी १: कन्सोल नीट मांडून घ्या

क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-जे, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-के. मॅकवर कंट्रोल-शिफ्टच्या जागी कमांड-ऑप्शन, अक्षर तेच. सफारीत आधी सेटिंगच्या ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात जाऊन डेव्हलपरांसाठीच्या सोयी चालू कराव्या लागतात, मग कमांड-ऑप्शन-सी.

उघडल्याबरोबर तीन गोष्टी करा. ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करा, नाहीतर पान पुन्हा लोड होताच आधीचा पुरावा पुसला जातो. नेटवर्क टॅबमध्ये ‘डिसेबल कॅशे’ला टिक करा, म्हणजे ब्राउझर साठवलेली जुनी चित्रं न वापरता नव्याने मागवेल. ती सोय तपासणीची खिडकी उघडी असेपर्यंतच काम करते, हे लक्षात असू द्या. ‘माझ्याकडे तर नवीन टोपी दिसते’ आणि ‘मला जुनीच दिसते’ या वादाचं मूळ बरेचदा तिथेच असतं. तिसरं म्हणजे संदेशांच्या पातळ्यांच्या यादीत ‘व्हर्बोस’ चालू आहे का बघा. क्रोममध्ये ती पातळी मुळात बंद असते, आणि कन्सोल डॉट डीबगने लिहिलेलं सगळं तिच्यातच जातं. लोक तासभर ‘माझं लॉग का येत नाही’ म्हणून डोकं खाजवतात ते यापायी.

ॲप दुसऱ्या पानात आयफ्रेममध्ये (पानातल्या चौकटीत) बसवलेलं असेल तर कन्सोलच्या वरच्या पट्टीतल्या ‘टॉप’ लिहिलेल्या यादीतून ती फ्रेम निवडा. नाहीतर तुमची सगळी चलं ‘डिफाइन्ड नाही’ म्हणून परत येतील.

आणि कोणी पाठवलेला कोडचा तुकडा ‘हा टाक, फुकट पंख मिळतील’ म्हणून कन्सोलमध्ये डकवू नका. तो तुमच्या लॉगिनच्या हक्कांनी चालतो. म्हणूनच क्रोम आणि फायरफॉक्स पहिल्यांदा पेस्ट करताना अडवतात आणि परवानगीचे शब्द हाताने टाइप करायला लावतात.

पायरी २: स्वतःचं ‘कपाट’ बनवा

आजचं बहुतेक कोड मॉड्यूलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या बंद फायलींमध्ये, असतं आणि मॉड्यूलमधली चलं कन्सोलला दिसत नाहीत. त्यामुळे जे दिसायला हवं ते मुद्दाम विंडो या ऑब्जेक्टवर टांगावं लागतं. मी तिथे एकच ऑब्जेक्ट टांगतो आणि त्याचं नाव ठेवतो ‘कपाट’. होय, देवनागरीत. जावास्क्रिप्टमध्ये चलांची आणि फंक्शनांची नावं युनिकोड अक्षरांत चालतात. मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं सगळं. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमनमध्ये. फायदा असा की तीन अक्षरं टाइप केली की सुचवण्यांत फक्त आपलीच साधनं येतात, ब्राउझरच्या शेकडो नावांची गर्दी नाही.

कपाटात काय ठेवायचं? माझ्या अनुभवात ही सहा साधनं पुरतात.

कपाट.यादी() हे सगळ्यांत महत्त्वाचं. ते आत्ता प्राण्यावर असलेले सगळे थर घेतं, ज्या क्रमाने ते खरोखर रंगवले जातात त्या क्रमाने लावतं आणि कन्सोल डॉट टेबलला देतं. रकाने: कपड्याचं नाव, जागा, थर, लपवलेला आहे का, चित्र आलं का. शेवटच्या रकान्यात एक फसगत आहे. इमेज घटकाचा ‘कंप्लीट’ हा गुणधर्म तुटलेल्या चित्रालाही खरं म्हणतो. त्याच्या लेखी प्रयत्न संपला म्हणजे काम पूर्ण. म्हणून ‘कंप्लीट’ खरं आणि ‘नॅचरलविड्थ’ शून्याहून मोठी, या दोन्ही अटी एकत्र तपासा. रकान्यांची नावं दुसऱ्या अर्ग्युमेंटमध्ये द्या, म्हणजे तीस गुणधर्मांचा पसारा न येता हवे तेवढेच पाच दिसतील.

कपाट.लपव("टोपी") आणि कपाट.फक्त("टोपी") ही जोडी. पहिलं एक कपडा झाकतं, दुसरं तो एक सोडून बाकी सगळं झाकतं. चाळीस थरांत एक विचित्र डाग दिसत असेल तर एकेक लपवत बसू नका. अर्धे लपवा. डाग गेला तर तो त्या अर्ध्यात, राहिला तर उरलेल्यात. चाळिसातून एक शोधायला असे सहा फेरे पुरतात.

कपाट.भांडण() एकाच जागेवर बसलेले दोन कपडे शोधतं आणि सापडले तर कन्सोल डॉट वॉर्नने सांगतं. हेच काम कन्सोल डॉट असर्टनेही होतं. त्याला अट द्यायची, ती खोटी ठरली तरच तो बोलतो. मी असर्ट प्रत्येक कपडा घातल्यानंतर चालवतो. त्यामुळे भांडण ज्या क्लिकला लागतं त्याच क्लिकला कळतं, दहा कपड्यांनंतर नाही.

उरलेली दोन, कपाट.प्रत() आणि कपाट.भर(), बग पुन्हा घडवण्यासाठी. पहिलं सगळा पोशाख जेसन (माहिती लिहून ठेवायचा एक साचा) मजकूर म्हणून परत देतं, दुसरं तो मजकूर घेऊन तसाच पोशाख चढवतं. क्लिपबोर्डवर न्यायला ‘कॉपी’ ही कन्सोलची आज्ञा वापरा, म्हणजे कॉपीच्या कंसात कपाट.प्रत(). ही कॉपी फक्त कन्सोलमध्ये टाइप केली तरच असते, तुमच्या स्क्रिप्टमधून बोलावली तर नसते. म्हणून प्रत() ने स्वतः कॉपी करायचा प्रयत्न न करता मजकूर नुसता परत द्यावा. चाचणी करणाऱ्याकडून ‘मांजर विचित्र दिसतंय’ या निरोपाऐवजी एक जेसनची ओळ मागवायला लागल्यापासून माझं निम्मं काम हलकं झालं.

पायरी ३: लॉग खोटं बोलतो तेव्हा

टोपी घालण्याआधी पोशाख लॉग केला, घातल्यावर पुन्हा केला. दोन्ही नोंदी उघडून पाहिल्या तर दोन्हींत टोपी आहे! मग तुम्ही ‘टोपी आधीपासूनच होती’ असं समजून चुकीच्या फंक्शनच्या मागे लागता.

कन्सोल ऑब्जेक्टची प्रत ठेवत नाही, संदर्भ ठेवतो. बाणावर क्लिक करून तुम्ही तो उघडता त्या क्षणी आत जे असेल ते दिसतं, लॉग केलं तेव्हाचं नव्हे. क्रोम त्याशेजारी बारीकसं ‘आय’ चिन्ह दाखवतो आणि त्यावर माउस नेला की हेच सांगतो, पण ते कोण बघतंय. उपाय म्हणजे लॉग करतानाच स्ट्रक्चर्डक्लोनने प्रत काढा. ऑब्जेक्टमध्ये फंक्शन किंवा पानावरचा घटक अडकवलेला असेल तर स्ट्रक्चर्डक्लोन चिडतो. अशा वेळी कपाट.प्रत() चा मजकूरच लॉग करा.

दर वेळी कोडमध्ये लॉगची ओळ घालून पुन्हा चालवायचीही गरज नाही. सोर्सेस टॅबमध्ये ओळीच्या क्रमांकावर उजवं क्लिक करून ‘ॲड लॉगपॉइंट’ निवडा आणि काय छापायचं ते लिहा. कोडला हात न लावता लॉग येतो. तिथलाच सशर्त ब्रेकपॉइंट तर ड्रेस-अप ॲपसाठीच बनवल्यासारखा आहे. जागा ‘डोकं’ असेल तरच थांब, अशी अट घातली की बूट आणि मोजे मुकाट्याने पुढे जातात.

पायरी ४: थर बरोबर, तरी टोपी खाली

यादीत टोपीचा थर ९००, गवताचा २०, आणि तरी गवत टोपीवर. इथे बहुतेक जण ९०० चे ९९९९ करतात. मीही केले. काहीही फरक पडत नाही.

पानावर थर लावतो तो झेड-इंडेक्सने, म्हणजे कोण वर दिसणार ते ठरवणाऱ्या आकड्याने. हा आकडा सगळ्या पानाला लागू नसतो, तो आपल्या थरगटापुरता असतो. एखाद्या पूर्वज घटकावर ट्रान्सफॉर्म असेल, ओपॅसिटी एकापेक्षा कमी असेल, फिल्टर किंवा विल-चेंज असेल, तर त्याच्या आत नवा थरगट तयार होतो आणि आतल्या सगळ्यांची चढाओढ त्या गटातच राहते. घराच्या आत कितीही उंच स्टूलवर चढलात तरी छपराच्या वर जाता येत नाही, तसं. ड्रेस-अप ॲपमध्ये याचं नेहमीचं कारण गोंडस असतं: प्राणी श्वास घेतोय असं दिसावं म्हणून धडाच्या घटकाला दिलेलं हळू फुगण्याचं ॲनिमेशन. ते ट्रान्सफॉर्मने होतं, आणि टोपी त्या घटकाच्या आत असते.

शोधायचं असं. एलिमेंट्स टॅबमध्ये टोपी निवडा. आता कन्सोलमध्ये डॉलर-शून्य म्हणजे ती टोपी. कपाटात पूर्वज नावाचं आणखी एक साधन घाला, जे दिलेल्या घटकापासून एकेक पायरी वर चढत प्रत्येकाची गणन केलेली शैली वाचतं आणि वरच्यापैकी काही सापडलं की त्या घटकाचं नाव आणि कारण छापतं. मग कपाट.पूर्वज($0) म्हटलं की दोषी समोर. दुरुस्ती दोनपैकी एक: गवतही त्याच घटकाच्या आत घ्या, किंवा श्वासाचं ॲनिमेशन प्रत्येक थराला वेगळं द्या. मी पहिली निवडतो. दुसरीत चाळीस ॲनिमेशनं एका तालात ठेवायची जबाबदारी गळ्यात पडते.

पायरी ५: चित्रं उशिरा आली की

कॅनव्हास वापरणाऱ्यांचं दुखणं निराळं. तिथे झेड-इंडेक्स नाहीच, जो शेवटी रंगवला तो वर. आणि प्रत्येक चित्र ‘आलं की रंगव’ असं लिहिलं असेल तर क्रम तुम्ही ठरवत नाही, इंटरनेट ठरवतं. तुमच्या मशिनवर सगळं कॅशेमध्ये असल्याने नेहमी बरोबर दिसतं. हा बग बघायचा तर नेटवर्क टॅबमध्ये मंद जोडणी निवडा आणि पान चार-पाच वेळा लोड करा. दर वेळी मांजराचा अवतार वेगळा निघाला तर निदान झालं. सगळ्या चित्रांवर ‘डीकोड’ बोलवा, त्यातून मिळणारी प्रॉमिसं (‘चित्र तयार झालं की कळवतो’ अशी वचनं) प्रॉमिस डॉट ऑलने एकत्र पूर्ण होऊ द्या, आणि मगच थराच्या क्रमाने रंगवा.

याचाच चुलतभाऊ म्हणजे घाईची क्लिकं. लाल टोपीवर क्लिक केलं, मन बदललं, लगेच निळीवर केलं. निळी आधी आली, लाल मागून आली आणि निळीला पुसून बसली. प्रत्येक विनंतीला चढता क्रमांक द्या, आणि उत्तर आल्यावर तो शेवटचा क्रमांक नसेल तर उत्तर टाकून द्या. अबॉर्टकंट्रोलरने जुनी विनंती रद्दही करता येते, पण मी दोन्ही ठेवतो. कन्सोल डॉट टाइम आणि टाइमएंडला लेबल म्हणून टोपीचं नाव आणि हा क्रमांक दिला की कोण कधी निघालं, कधी पोचलं हे ओळीने दिसतं.

चित्र येतच नसेल तर? ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, दिसला तर आधी नावातली लहान-मोठी अक्षरं बघा. विंडोजवर चालणारं नाव लिनक्सच्या सर्व्हरवर अडतं. जास्त फसवी गोष्ट म्हणजे २०० (‘ठीक आहे’) चा हिरवा शेरा आणि तरी चित्र नाही. काही सर्व्हर न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला ॲपचं मुख्य पानच पाठवतात. नेटवर्क टॅबमधला प्रकाराचा रकाना बघा. टोपीच्या नावापुढे इमेजऐवजी एचटीएमएल दिसलं की समजायचं.

हे हाताने शोधू नये म्हणून एक कायमचा पहारेकरी बसवा. चित्र न आल्याची ‘एरर’ घटना वर बुडबुड्यासारखी येत नाही, त्यामुळे विंडोवर साधा ऐकणारा बसवला तर तो बहिराच राहतो. त्याला ‘कॅप्चर’ खरं देऊन बसवा, मग पानावरच्या प्रत्येक इमेज घटकाचं अपयश तो ऐकतो आणि कपड्याच्या नावासकट कन्सोलमध्ये ओरडतो. कॅनव्हाससाठी कोडमध्येच तयार केलेली चित्रं पानाला जोडलेली नसतात, तिथे हा पहारेकरी पोचत नाही. त्यांची बातमी डीकोड फसल्यावर प्रॉमिसच्या कॅचमध्ये घ्या.

पायरी ६: ‘फोटो काढा’ बटण

सजवलेल्या प्राण्याचं चित्र जतन करायला गेलं की कॅनव्हास ‘टेंटेड’ (दूषित) आहे म्हणून सिक्युरिटीएरर. एकदाची लाल ओळ मिळाली, याचा मला दर वेळी थोडा आनंदच होतो. कपड्यांची चित्रं दुसऱ्या डोमेनवरून येत असतील आणि त्या सर्व्हरने परवानगीचा हेडर (उत्तरासोबतची माहितीची ओळ) दिला नसेल, तर चित्र रंगवता येतं पण कॅनव्हासमधून परत वाचता येत नाही. सर्व्हरवर ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हा हेडर द्या, आणि इमेजला क्रॉसओरिजिन ‘अनॉनिमस’ द्या, तोही पत्ता देण्याच्या आधी. उलट क्रमाने दिला तर पहिली विनंती परवानगी न मागताच निघून गेलेली असू शकते.

हे सगळं करूनही कधीकधी अडतं. तीच टोपी कपड्यांच्या यादीत छोट्या चित्रात क्रॉसओरिजिनशिवाय आधीच लोड झाली असेल, तर हेडर नसलेली प्रत कॅशेमधून उचलली जाऊ शकते. ‘डिसेबल कॅशे’ चालू असताना चालतं आणि बंद केल्यावर मोडतं, हे त्याचं लक्षण. दोन्ही ठिकाणी क्रॉसओरिजिन द्या आणि सर्व्हरने विनंती कशीही असो, हेडर पाठवावाच.

पायरी ७: बुटावर क्लिक केलं, उचलली गेली टोपी

या ॲपमधला माझा सगळ्यांत आवडता बग. चित्रकाराच्या सोयीसाठी प्रत्येक कपड्याची पीएनजी प्राण्याच्या पूर्ण आकाराची असते. टोपीच्या चित्रात वर टोपी आणि खाली भरपूर पारदर्शक मोकळी जागा. डोळ्यांना ती दिसत नाही, माउसला मात्र ती ठोस भिंत. त्यामुळे कुठेही क्लिक करा, सर्वांत वरचा थरच ते गिळतो.

खात्री करायला डॉक्युमेंट डॉट एलिमेंट्सफ्रॉमपॉइंटला बुटाचे एक्स आणि वाय द्या. त्या बिंदूखालचे सगळे घटक वरून खाली क्रमाने मिळतात आणि पहिल्याच नंबरावर टोपी दिसेल. क्रोममध्ये मॉनिटरइव्हेंट्सला डॉलर-शून्य आणि क्लिक दिलं तर निवडलेल्या घटकापर्यंत क्लिक पोचतं का तेही दिसतं, आणि गेटइव्हेंटलिसनर्स त्यावर कोण कान लावून बसलंय ते सांगतं. फायरफॉक्समध्ये या दोन आज्ञा नाहीत, तिथे इन्स्पेक्टरमध्ये घटकाच्या शेजारी ‘इव्हेंट’ची छोटी चकती येते, तिच्यावर क्लिक करा.

दुरुस्ती: सगळ्या थरांना पॉइंटर-इव्हेंट्स ‘नन’ द्या आणि क्लिक बाहेरच्या एकाच चौकटीवर ऐका. मग वरच्या थरापासून खाली येत प्रत्येक चित्रातला त्या बिंदूचा पिक्सेल गेटइमेजडेटाने वाचा. चार आकड्यांतला शेवटचा पारदर्शकतेचा, शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक. पहिला शून्याहून पुरेसा मोठा सापडला तो कपडा खरा. ‘पुरेसा’ म्हणजे मी १० च्या वर धरतो, कारण सावल्यांच्या कडा एक-दोनवर रेंगाळतात. पायरी ६ मधली परवानगी नसेल तर हेही चालणार नाही, पिक्सेल वाचणं ही तीच बंद खोली. आणि क्लिकचे आकडे पानाच्या मापात असतात, चित्राचे त्याच्या मूळ मापात. गुणोत्तर लावायला विसरलात तर फोनवर बुटाऐवजी शेपूट उचलली जाईल.

ओढून टाकायचं ब्राउझरचं मूळ ड्रॅग-ड्रॉप वापरत असाल आणि ‘ड्रॉप’ कधीच येत नसेल, तर ‘ड्रॅगओव्हर’मध्ये प्रिव्हेंटडीफॉल्ट आहे का बघा. बहुतेक वेळा नसतं.

पायरी ८: जतन आणि शोध

लोकलस्टोरेज, म्हणजे ब्राउझरमधली साठवण, फक्त मजकूर ठेवतं. ॲप्लिकेशन टॅबमध्ये, फायरफॉक्समध्ये स्टोरेज टॅबमध्ये, पोशाखाच्या जागी ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ दिसलं तर जेसनमध्ये बदलायचं राहिलंय. पोशाखासोबत रचनेचा आवृत्ती क्रमांक ठेवा, नाहीतर सहा महिन्यांपूर्वी सजवलेलं मांजर आज उघडं येईल आणि कन्सोल पुन्हा कोराच. आख्खी चित्रं तिथे साठवू नका, जागा साधारण ५ एमबीच असते.

मराठी नावांच्या कपड्यांसाठी एक खास खोडा. ‘पांढऱ्या पंखांची जोडी’ शोधल्यावर सापडत नाही, डोळ्यांना मात्र दोन्ही शब्द हुबेहूब. ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कन्सोलमध्ये दोन्ही शब्दांची लांबी विचारा. ‘पांढऱ्या’ एका प्रकारात ८ येते, दुसऱ्यात ९. मजकूर एकसारखा करणारी नॉर्मलाइझ ही आज्ञा ते जोडचिन्ह काढत नाही, तेव्हा साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे दुसऱ्या प्रकाराचा पहिल्यात बदल स्वतःच करा. चलांच्या नावांतही हे जोडचिन्ह चालतं, म्हणून कपाटातल्या साधनांना ‘ऱ्य’ असलेलं नाव मी देत नाही. एकदा हात पोळलाय.

पायरी ९: भूक आणि घड्याळ

प्राण्याची भूक सेटइंटरव्हलने दर सेकंदाला एकेक वाढवत असाल तर टॅब मागे गेल्यावर प्राणी उपाशी राहायचं विसरतो. मागच्या टॅबमधली टायमरं ब्राउझर मंदावतात. क्रोममध्ये पाच मिनिटं नजरेआड राहिल्यावर ती मिनिटाला एकदाच चालू शकतात. ‘व्हिजिबिलिटीचेंज’वर लॉग लावा, टॅब बदलून या आणि मोजलेले ठोके खऱ्या वेळेशी ताडून बघा. भूक नेहमी शेवटच्या जेवणाची वेळ आणि आत्ताची वेळ यांच्या फरकातून काढावी, ठोके मोजून नाही.

पायरी १०: कपाटाला कुलूप

लाइव्ह आवृत्तीत कपाट ठेवावं का? मी वाचणारी साधनं ठेवतो, यादी, भांडण, प्रत, तीही पत्त्यात ठरावीक खूण असेल तरच. भर() आणि लपव() काढून टाकतो. पण हे कुलूप आपल्या सोयीपुरतं आहे. कन्सोल वापरणाऱ्याच्या हातात असतो आणि तो तिथून तुमच्या सर्व्हरला कुठलीही विनंती पाठवू शकतो. म्हणून साधनं काढल्यावर शेवटची चाचणी स्वतः कन्सोलमधूनच करा: आपल्या खात्यात नसलेल्या पंखांचा ओळख क्रमांक घालून पोशाख जतन करायची विनंती फेच या आज्ञेने पाठवा. उत्तर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, यायला हवं. २०० आलं तर बग सर्व्हरवर आहे, आणि तो या खिडकीतून दुरुस्त होणार नाही.